पाठ होतं पण बोलताना आठवत नाही: फ्रेझल व्हर्ब, शब्द आणि व्याकरणाचा चार आठवड्यांचा सराव

इंग्रजी बातमी वाचून कळते, सबटायटल लावून सिनेमा समजतो, ऑफिसचा मेलही लिहिता येतो. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की तेच ठरावीक शब्द फिरून फिरून येतात. युरोपीय मोजपट्टीत या मधल्या पातळीला बी-वन आणि बी-टू म्हणतात. बहुतेक जण इथे एकच गोष्ट करतात. फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' असा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या जोड्यांची, लांबलचक यादी मिळवायची, समोर मराठी अर्थ लिहायचे, रोज वाचायचे आणि पंधरा दिवसांनी सोडून द्यायचे. मग 'आपलं व्याकरणच कच्चं आहे' असं ठरवून काळांचे प्रकार पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

मेहनत यात भरपूर असते, क्रम चुकलेला असतो. आधी स्वतःच्या चुका शोधणं, मग थोडं निवडणं, मग न बघता आठवून काढणं, आणि त्यानंतर त्या चुकांपुरतं व्याकरण, हा क्रम पाळला तर रोज चाळीस मिनिटं पुरतात.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. तुमच्या वहीत आणि कार्डावर मात्र ती रोमन लिपीतच, स्पेलिंगसकट लिहा. देवनागरीत 'लूज' लिहिलं तर त्याचा अर्थ हरवणं की सैल, हे महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाही.

तयारी: सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

१. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची शंभरेक कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापले तरी चालतील. सोबत तीन कप्प्यांचा एक डबा. पहिला कप्पा रोजचा, दुसरा तीन दिवसांनी बघायचा, तिसरा आठवड्याने.

२. इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांपैकी कोणतीही घ्या, तिन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात अर्थ सोप्या शब्दांत असतो. लाँगमनने तर अर्थ सांगण्यासाठी सुमारे २००० शब्दांची मर्यादाच घालून घेतली आहे. पण आपल्याला त्याहून जास्त गरज आहे ती वेगळ्याच गोष्टीची: फ्रेझल व्हर्बमध्ये कर्म कुठे बसतं, हे तिथे 'समथिंग' किंवा 'समबडी' टाकून दाखवलेलं असतं. इंग्रजी-मराठी कोशात ते सहसा नसतं. तो कोश टाकून देऊ नका, पण दुसऱ्या नंबरला ठेवा.

३. वाचायला किंवा ऐकायला एक मजकूर. निवडताना मोजून बघा. शंभर शब्दांत दोनपेक्षा जास्त अनोळखी शब्द आले नाहीत तर मजकूर तुमच्या मापाचा आहे. पाच-सहा आले तर तो बाजूला ठेवा. मुलाखती, लेखी उतारा सोबत असलेले पॉडकास्ट, किशोरवयीन वाचकांच्या कादंबऱ्या यांत बोलण्यातली इंग्रजी भरपूर सापडते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे इंग्रजी दैनिकांचे अग्रलेख वाचून शब्द काढतात. उताऱ्यावरच्या प्रश्नांसाठी ते ठीक आहे. पण अग्रलेखाची भाषा औपचारिक असते, फ्रेझल व्हर्ब तिथे कमी भेटतात, आणि जे शब्द मिळतात ते बोलताना वापरावेत असे क्वचितच असतात.

४. फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर. याला पर्याय नाही.

टप्पा १: स्वतःची चाचणी (पहिले दोन दिवस)

शब्दकोश न उघडता वीस वाक्यं लिहा. विषय तीन: काल दिवसभर काय झालं, सध्या कामात किंवा घरात कोणती अडचण आहे, पुढच्या महिन्यात काय करायचं आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य तिन्ही आपोआप येतात म्हणून हेच विषय. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरच न लिहिता दोन मिनिटं बोला आणि रेकॉर्ड करा. मग रेकॉर्डिंग ऐकत जसं बोललात तसं, 'अं' आणि 'म्हणजे'सकट, कागदावर उतरवा. हे उतरवणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. आपण काय बोलतो याची आपली समजूत आणि प्रत्यक्ष बोलणं यांतला फरक इथेच दिसतो.

आता तीन याद्या करा. पहिलीत, जिथे शब्दासाठी थांबलात किंवा मराठी शब्द आला त्या जागा. दुसरीत, जिथे 'डू', 'गो', 'मेक' किंवा नुसतं 'गेट' वापरून वेळ मारून नेली त्या जागा. तिसरीत व्याकरणाच्या चुका. त्या ओळखायला टप्पा ५ मधली यादी समोर ठेवा, किंवा ज्याचं इंग्रजी चांगलं आहे अशा एखाद्याला कागद दाखवा. चुका सुधारणारं ॲप वापरलंत तर त्याने केलेल्या प्रत्येक बदलापुढे 'का' ते स्वतः लिहा. कारण सुचलं नाही तर तो बदल यादीत घेऊ नका.

*तपासा:* तिसऱ्या यादीत एकाच प्रकारची चूक तीनदा आली असेल तर ती तुमची सवय आहे. एकदाच आली असेल तर निसटलेली चूक. सराव सवयींचा करायचा.

टप्पा २: निवड (दर आठवड्याला वीस, जास्त नाही)

सोमवार ते शुक्रवार रोज चार नवी कार्डं. आठवड्याला वीस, त्यांत आठ फ्रेझल व्हर्ब आणि बारा शब्द किंवा शब्दांच्या जोड्या. शनिवार-रविवारी नवीन काही घ्यायचं नाही. चार आठवड्यांत ऐंशी होतात. हा आकडा लहान वाटेल, पण ऐंशी गोष्टी अडखळल्याशिवाय तोंडात येणं ही मोठी कमाई आहे.

पाचशेची यादी का नको, याला आधार आहे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या कोट्यवधी शब्दांच्या संग्रहावर २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'गो', 'कम', 'टेक', 'गेट', 'टर्न', 'पुट', 'लुक', 'ब्रेक' अशी फक्त वीस क्रियापदं आणि 'आउट', 'अप', 'ऑन', 'बॅक', 'डाउन', 'इन', 'ऑफ', 'ओव्हर' हे आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांनीच संग्रहातला फ्रेझल व्हर्बचा निम्म्याहून जास्त वापर व्यापलेला आढळला. म्हणजे जे सारखं भेटतं ते थोडंच आहे. मात्र त्यातल्या प्रत्येकाचे अर्थ अनेक आहेत, आणि खरी मेहनत तिथे लागते.

निवडताना तीन नियम पाळा.

पहिला: तुम्ही स्वतः वाचलेलं किंवा ऐकलेलंच घ्या, आणि ज्या अर्थाने भेटलं तोच एक अर्थ घ्या. 'टेक ऑफ' म्हणजे विमानाचं उड्डाण, बूट काढणं, आणि कामावरून सुट्टी घेणंही. तिन्ही एका कार्डावर लिहिलेत तर एकही वेळेवर आठवत नाही. बाकीचे भेटतील तेव्हा त्यांची वेगळी कार्डं होतील.

दुसरा: एका क्रियापदाचं सगळं गोत एका दिवसात घेऊ नका. 'पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट, पुट अवे' एकत्र शिकलात की चेहरे सारखे असल्यामुळे ते एकमेकांत मिसळतात आणि परीक्षेत किंवा बोलताना नेमका चुकीचा हाती येतो. बाजारातली बहुतेक पुस्तकं याच पद्धतीने रचलेली असतात. माझ्या मते फ्रेझल व्हर्ब न येण्याचं सर्वांत मोठं कारण हीच रचना आहे.

तिसरा: प्रसंगाने बांधा. एसटीने गावाला जातानाचा प्रसंग घ्या. पहाटे निघालो: 'वी सेट ऑफ ॲट फाइव्ह'. घाटात गाडी बंद पडली: 'द बस ब्रोक डाउन इन द घाट'. मागून आलेल्या गाडीने आम्हाला घेतलं: 'अनदर बस पिक्ड अस अप'. फाट्यावर सोडलं: 'इट ड्रॉप्ड अस ऑफ ॲट द जंक्शन'. चार वेगवेगळी क्रियापदं, एकच गोष्ट. एक आठवलं की पुढचं ओढून आणतं.

शब्दांच्या बाबतीत सुटा शब्द न घेता त्याचा सोबती घ्या. कडक चहा 'स्ट्राँग टी' होतो, 'हार्ड टी' नाही. जोराचा पाऊस 'हेवी रेन', चूक करणं 'मेक अ मिस्टेक', गृहपाठ करणं 'डू होमवर्क'. मराठीत या दोन्ही ठिकाणी 'करणं'च आहे, म्हणून सोबती पाठ असल्याशिवाय अंदाज लागत नाही.

टप्पा ३: कार्ड लिहिणं

कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी अर्थ लिहू नका, मराठी वाक्य लिहा. 'पुढे ढकलणे' असं न लिहिता 'बैठक आम्ही पुढच्या आठवड्यावर ढकलली'. मागच्या बाजूला चार ओळी:

१. पूर्ण इंग्रजी वाक्य: 'वी पुट द मीटिंग ऑफ टिल नेक्स्ट वीक'.
२. तेच वाक्य सर्वनाम घालून: 'वी पुट इट ऑफ'.
३. क्रियापदाची तीन रूपं.
४. कुठे चालतं: बोलण्यात, मेलमध्ये, की अर्जातही.

दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण मधल्या पातळीवरचे लोक अर्थात फारसे चुकत नाहीत, जागेत चुकतात. फ्रेझल व्हर्बचे कामापुरते चार गट समजून घ्या.

*मोकळी जोडी.* कर्म मध्येही बसतं, शेवटीही. 'टर्न ऑफ द फॅन' बरोबर, 'टर्न द फॅन ऑफ' हेही बरोबर. पण सर्वनाम आलं की फक्त मध्ये: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. 'पिक अप', 'ड्रॉप ऑफ', 'पुट ऑफ', 'फिल इन', 'थ्रो अवे' याच गटातले.

*चिकट जोडी.* मध्ये काहीच शिरत नाही. 'शी लुक्स आफ्टर हर मदर', सर्वनाम घातलं तरी 'शी लुक्स आफ्टर हर'. 'रन इनटू' म्हणजे अचानक भेटणं आणि 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा धक्क्यातून सावरणं, ही याच जातीची.

*तीन तुकड्यांची.* 'रन आउट ऑफ', 'पुट अप विथ', 'गेट अलाँग विथ', 'लुक फॉरवर्ड टू'. कर्म नेहमी शेवटी. यांतल्या शेवटच्यापाशी जपून. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' क्रियापदाचं मूळ रूप मागत नाही, त्यामुळे 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' बरोबर आणि 'टू मीट यू' चूक. नोकरीच्या अर्जांच्या शेवटी ही चूक सतत दिसते.

*कर्म नसलेली.* 'ब्रेक डाउन', 'ग्रो अप', 'शो अप'. 'आय ब्रोक डाउन माय बाइक' असं होत नाही, बाइक स्वतः बंद पडते.

गट कोणता हे अंदाजाने ठरवू नका. शब्दकोशात 'पुट समथिंग ऑफ' असं मध्ये 'समथिंग' दिसलं तर पहिला गट, 'लुक आफ्टर समबडी' असं शेवटी दिसलं तर दुसरा.

'अप'चा, 'आउट'चा अर्थ काय, असं सगळे विचारतात. काही ठिकाणी मराठीच मदतीला येते. आपण 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यांत फरक करतोच. 'ईट' आणि 'ईट अप' यांत तोच फरक आहे, आणि 'संपवून टाकणं'साठी 'यूज अप' आहे. 'करत राहणं'साठी 'कॅरी ऑन' किंवा 'कीप ऑन' चालतं. पण हा पूल सगळीकडे नेत नाही. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं हे तुकडे जोडून निघणार नाही, ते वाक्यातूनच लक्षात ठेवावं लागतं.

उच्चाराचीही एक खूण कार्डावर करा. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटात जोर साधारणपणे छोट्या शब्दावर येतो: 'द बस ब्रोक *डाउन*'. त्याचंच नाम झालं की जोर पहिल्या भागावर जातो: 'अ *ब्रेक*डाउन'. लिहिताना नाम जोडून, क्रियापद तोडून. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी 'लॉग इन' आणि 'सेट अप' या दोन जोड्यांकडे विशेष लक्ष द्या.

*सावधान, आपल्याकडच्या सवयी:* 'फॅन बंद कर'साठी 'पुट ऑफ द फॅन' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण परदेशी सहकाऱ्याला 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं वाटेल. 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हणा. 'आय पास्ड आउट इन २०१५' आपल्याकडे पदवी झाली या अर्थाने कळतं, बाहेर मात्र त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा होतो. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'कोप अप विथ'मधला 'अप' काढा. 'फिल अप द फॉर्म'ऐवजी 'फिल इन' किंवा 'फिल आउट'. 'रिटर्न बॅक' आणि 'रिव्हर्ट बॅक' यांत 'बॅक' नको.

टप्पा ४: न बघता आठवणं (रोज पहिली दहा मिनिटं)

रोजच्या सरावाची सुरुवात इथून करा, नवीन कार्डांपासून नको. नवीन आधी घेतलं की जुन्याला वेळ उरत नाही, आणि जुनं विसरण्याचा वेग पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो.

पुढची बाजू वाचा. कार्ड उलटण्याआधी पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात 'हे येतं मला' म्हणून उलटलेलं कार्ड धरायचं नाही. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं तर ते कुठल्याही कप्प्यातलं असो, थेट पहिल्या कप्प्यात परत. अर्धं बरोबर म्हणजे चूक: 'पुट ऑफ'ऐवजी 'पुट आउट' आलं, किंवा 'इट' शेवटी गेलं, तर कार्ड मागेच जाईल. तिसऱ्या कप्प्यातून लागोपाठ दोनदा बरोबर आलं की कार्ड डब्याबाहेर.

वाक्य आठवायला सात-आठ सेकंद धडपड झाली तर घाबरून लगेच उलटू नका. आठवण पक्की होते ती त्या धडपडीतच. यादी वाचताना ही धडपड होत नाही, सगळं ओळखीचं वाटतं, आणि त्यालाच आपण 'पाठ झालं' समजतो.

*तपासा:* शनिवारी आठवड्याची वीस कार्डं पिसून घ्या. सोळा किंवा जास्त आली तर सोमवारी नवीन सुरू करा. कमी आली तर पुढच्या आठवड्याचे पहिले दोन दिवस नवीन काही नाही. एखादं कार्ड चार-पाचदा मागे आलं तर दोष कार्डाचा आहे. वाक्य लांब असेल, प्रसंग तुमचा नसेल. ते फाडा आणि स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य घेऊन नवं लिहा.

टप्पा ५: व्याकरण, फक्त स्वतःच्या सवयींपुरतं

तिसऱ्या यादीतून दोन सवयी निवडा आणि पहिले दोन आठवडे फक्त त्यांवर काम करा. पुढचे दोन आठवडे आणखी दोन. मराठी बोलणाऱ्यांच्या सवयी बऱ्याच सारख्या असतात, आणि त्यांची मुळं बहुधा मराठी वाक्यात सापडतात. नेहमीच्या अशा:

*'पासून'ची चूक.* 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय' यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' तोंडात येतं. यात दोन चुका आहेत. बरोबर: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स'. कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स': 'सिन्स २०२०', 'सिन्स मंडे'.

*'हॅव' आणि 'यस्टरडे' एकत्र.* 'आय हॅव सेंट द मेल यस्टरडे'. वेळ सांगितली की साधा भूतकाळ: 'आय सेंट इट यस्टरडे'. वेळ सांगायची नसेल तर 'आय हॅव सेंट द मेल' छान आहे.

*नको तिथे 'इंग'.* 'मला कळत नाहीये' यावरून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'मला दोन भाऊ आहेत' यावरून 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. कळणं, माहीत असणं, आवडणं, मालकी असणं या स्थिती आहेत. 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'आय हॅव टू ब्रदर्स'.

*'व्हेन'नंतर 'विल'.* 'व्हेन आय विल रीच, आय विल कॉल'. 'पोहोचलो की फोन करतो' या आपल्या रोजच्या वाक्यातही भविष्यकाळ नाही, तोच कान इंग्रजीत ठेवा: 'आय विल कॉल व्हेन आय रीच होम'.

*वाक्यात दडलेला प्रश्न.* 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' चूक, 'व्हेअर ही इज' बरोबर. आणि मराठीतल्या 'ना?'च्या जागी सगळीकडे 'इजन्ट इट?' लावू नका: 'यू आर कमिंग, आरन्ट यू?'

*क्रियापदाचा चुकलेला सोबती.* 'डिस्कस अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस'. 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टू'. 'एक्स्प्लेन मी' नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'ही सजेस्टेड मी टू गो' नाही, 'ही सजेस्टेड दॅट आय गो'. या चुका नियम वाचून जात नाहीत, यांची कार्डं करा.

*'अ' आणि 'द'.* मराठीत ही सोय नसल्यामुळे हा विषय सगळ्यांत शेवटी सुटतो. सगळे नियम वाचायच्या फंदात पडू नका. एकच धरा: मोजता येणारं एकवचनी सामान्य नाम उघडं सोडायचं नाही. 'आय बॉट कार' चूक. त्याच्याआधी 'अ', 'द', 'माय', 'दिस' यांपैकी काहीतरी हवं. लिहून झाल्यावर फक्त नामांवरून बोट फिरवत ही एक गोष्ट तपासा.

सराव कसा करायचा? रिकाम्या जागा भरून नको. तिथे पाऊण वाक्य दुसऱ्याने लिहून दिलेलं असतं आणि कुठला नियम लावायचा हे धड्याच्या शीर्षकावरूनच कळतं. बोलताना यातलं काहीच मिळत नाही. त्याऐवजी तुमचंच चुकलेलं वाक्य घ्या, दुरुस्त करा, मग ते पाच वेळा बदला: नकारार्थी, प्रश्न, कर्ता बदलून, काळ बदलून, आणि शेवटी पूर्ण वेगळ्या प्रसंगात. 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स'वरून 'हाउ लाँग हॅव यू बीन वर्किंग हिअर?' इथपर्यंत पोहोचलात की ती रचना तुमची झाली. दिवसाला दोन वाक्यं पुरेत, दहा मिनिटं जातात.

टप्पा ६: बोलण्यात आणणं (रोज शेवटची दहा मिनिटं)

मधली दहा मिनिटं वाचनाला आणि नवीन चार कार्डांना, त्यानंतरची दहा व्याकरणाला, शेवटची बोलण्याला. ही शेवटची दहा आधी कापली जातात. वेळ कमी असेल त्या दिवशी नवीन कार्डं गाळा, बोलणं गाळू नका.

एक विषय घ्या, उदाहरणार्थ 'कामावरचा आजचा दिवस'. त्याच मजकुरावर चार मिनिटं बोला, लगेच तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. गोष्ट तीच असल्यामुळे डोकं आशय शोधण्यात अडकत नाही, बोलण्याला वेग येतो आणि अडखळणं कमी होतं. या आठवड्याची निदान दोन कार्डं त्यात आलीच पाहिजेत, पण ठोसून नको. एका वाक्यात तीन फ्रेझल व्हर्ब कोंबले की ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं.

बोलायला माणूस हवाच असं नाही. असेल तर त्याला एकच काम द्या: ठरवलेल्या दोन सवयींपैकी चूक ऐकू आली की हात वर करायचा, बाकी चुकांवर गप्प बसायचं. प्रत्येक शब्दाला टोकणाऱ्यासमोर कुणाचंच तोंड उघडत नाही.

*सावधान:* फ्रेझल व्हर्ब सगळीकडे शोभत नाहीत. सहकाऱ्याला 'वी पुट ऑफ द लाँच' ठीक. सरकारी अर्ज, करारपत्र, शोधनिबंध यांत 'पोस्टपोन'. 'फाइंड आउट' बोलताना, अहवालात बरेचदा 'डिटरमाइन'. कार्डावरची चौथी ओळ यासाठीच आहे.

रविवारी दोन मिनिटांचं एक रेकॉर्डिंग ठेवा आणि ते कागदावर उतरवा, टप्पा १ मध्ये केलं तसंच.

टप्पा ७: चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा चाचणी

पहिल्या दिवसाचेच तीन विषय, तीच पद्धत: शब्दकोशाशिवाय वीस वाक्यं, मग दोन मिनिटं बोलणं. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी मोजा. शब्दासाठी किती वेळा थांबलात, निवडलेल्या चार सवयी किती वेळा आल्या, आणि कार्डांवरचं किती आपोआप आलं.

थांबणं कमी झालं पण सवयी तशाच, असं दिसलं तर पुढच्या महिन्यात रोजची नवीन कार्डं दोनवर आणा आणि उरलेला वेळ टप्पा ५ ला द्या. लिहिताना सगळं बरोबर आणि बोलताना तीच चूक, तर टप्पा ६ गाळला गेला आहे. महिनाभर नवीन व्याकरण थांबवा, चार-तीन-दोन मिनिटांचा सराव दिवसातून दोनदा करा. कार्डं पाठ आहेत पण बोलण्यात एकही आलं नाही, तर निवड चुकली. ती वाक्यं तुमच्या दिवसात कधी घडतच नसतील. डब्यातली अशी कार्डं काढून टाका आणि पुढच्या आठवड्याचा मजकूर तुमच्या कामाच्या, घराच्या, प्रवासाच्या विषयातून निवडा. चार सवयींपैकी जी पूर्ण गेली तिच्या जागी यादीतली पाचवी घ्या, आणि सोमवारी टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा.